केमिस्ट्रीत नापास

आमचा साखरपुडा जेठात झाला आणि लग्न ठरलं तुळशीच्या लग्नानंतरचं. मधे अख्खा पावसाळा पडला होता. त्या पावसाळ्यात मी आणि माझी धाकटी बहीण दुपारची कामं उरकली की मोबाइलवर एक जपानी कार्टून मालिका बघत बसायचो. कार्टून म्हटलेलं बहिणीला खपत नसे.

"ॲनिमे म्हण गो ताई. कार्टून लहान पोरं बघतात."

टोकावड्याजवळ, रस्त्यापासून जरा आत आमचं घर. नेट फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात यायचं, तेही भाताच्या कणगीला पाठ टेकून बसलं तर. तिथं आम्ही दोघी एका मोबाइलवर डोकी जोडून बसायचो.

मालिका होती समुद्राकाठच्या एका गावातली. तिथं नूडल्सचं छोटं दुकान. दुकानदाराची मुलगी बुटकी आणि महाखोडकर. दुकानात कामाला आलेला मुलगा ताडमाड उंच आणि लाजाळू. ती दिवसभर त्याची फिरकी घ्यायची. मागून जाऊन बर्फातली बाटली त्याच्या मानेला लावायची. "तुझ्या गालाला काहीतरी लागलंय," म्हणायची. तो बिचारा अर्धा दिवस गाल पुसायचा आणि गालाला काही नसायचंच. मग त्याचे कान लाल व्हायचे आणि ती पोट धरून हसायची. जो आधी लाजला तो हरला, असा त्यांचा न बोलता ठरलेला खेळ. बहीण म्हणायची, "बघ, ही खरी केमिस्ट्री."

मी बघत होते. आणि मला माझ्या होणाऱ्या नवऱ्याची काळजी वाटायला लागली होती.

तो भातसानगरचा. धरणाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. उंच होता, लाजाळू असावा असं वाटत होतं, म्हणजे निम्मं सामान तयार होतं. पण फोनवर तो बोलायचा ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. "जेवण झालं. आज पाऊस चांगला आहे. आईला बरं आहे." एवढं सांगून थांबायचा. मग मी सांगायचे, "आमच्याकडेही चांगला आहे." संपला फोन.

"तू खोडी काढ," बहीण म्हणाली. "तो आपोआप लाजंल."

मी पहिला प्रयोग केला. फोनवर मधाळ आवाज काढून म्हटलं, "साखरपुड्याला तुमच्या शर्टाला काहीतरी लागलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही हं."

तो म्हणाला, "हो. कुंकू होतं. लिंबू चोळून धुतलं, गेलं." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तारेवर वाळत घातलेल्या शर्टाचा फोटो पाठवला. पुढून एक, मागून एक.

बहिणीनं कपाळाला हात लावला.

दुसरा प्रयोग मी जास्त धीट केला. पितृपंधरवडा चालू होता, पण ते माझ्या ध्यानात नव्हतं. मी म्हटलं, "काल माझ्या स्वप्नात कोण आलं होतं, ओळखा बघू."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, झाले कान लाल. मग तो गंभीर आवाजात म्हणाला, "तुमच्या घरातलं कुणी वारलेलं असेल. यंदा पानं वाढलीत का नीट? कावळा शिवला का?"

मी फोन ठेवला आणि कणगीवर डोकं टेकलं.

तिसऱ्या प्रयोगासाठी आम्ही मुरबाडला भेटलो. सोबत म्हणून बहीण होतीच. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बसून आम्ही वडापाव आणि लिंबाचं थंड मागवलं. मी ठरवूनच आले होते. तो वड्याचा घास घेत असताना थंड बाटली उचलली आणि टेबलावरून वाकून त्याच्या मानेला लावली. म्हणजे लावायला गेले. कार्टूनात मान सहज सापडते. इथं मधे टेबल होतं, त्याची कॉलर होती, बाटलीचं झाकण उघडं होतं. अर्धी बाटली त्याच्या शर्टात गेली.

तो शांतपणे उठला, नळावर गेला, शर्ट पिळून आला आणि बसताना म्हणाला, "ह्याला लिंबू लागणार नाही. ह्यातच आहे."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आलो तर आई पडवीत तांदूळ निवडत होती. बहिणीनं चपला काढता काढता निकाल जाहीर केला.

"नाय ताई. केमिस्ट्री नाय. भावोजी केमिस्ट्रीत शून्य!"

आईचा तांदळातला हात थांबला. पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आईला केमिस्ट्री म्हणजे बारावीचा विषय एवढंच माहीत. बहीण रात्रंदिवस त्याच विषयाच्या नावानं रडायची. आईनं मनात हिशेब जुळवला: मुलगा पाणी तपासण्याच्या नोकरीला, ते काम केमिस्ट्रीचं, आणि मुलगा केमिस्ट्रीत शून्य. तिनं टोकावड्याच्या माझ्या मावशीला फोन लावला. "कुणाला सांगू नको," असं बजावून सांगितलं. मावशीनंही पुढं तसंच बजावून सांगितलं. सरळगाव, किन्हवली करत करत बातमी शहापूरला पोचली तेव्हा तिचं अंग चांगलं भरलं होतं. मुलगा बारावीला नापास, त्याची डिग्री खोटी, तो पाण्यात काय ओततो ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही, मुंबईवाले पितात म्हणून कुणाला कळत नाही, आणि मुलीकडची माणसं साखरपुडा मोडणार आहेत.

पुढच्याच रविवारी सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. मागं माझी होणारी सासू बसलेली. अंगानं किरकोळ, आवाजानं नाही. उतरल्या उतरल्या तिनं पदर खोचला.

"कोण म्हणतो माझा पोर केमिस्ट्रीत नापास?"

आई भाकऱ्या थापत होती, ती पिठाच्या हातानं बाहेर आली. बाबा गोठ्याकडं निघाले होते ते तसेच पुढं गेले आणि तिथंच थांबले.

"बी.एस्सी. झालाय तो! त्याच विषयात!" सासूबाई म्हणाल्या. "सगळा तालुका विचारतोय मला. आणलाय मी त्याला. त्याचं सामान पण आणलंय. घ्या परीक्षा! काढ रे ती पेटी."

तो मोटारसायकलपाशी उभा होता. त्यानं निमूटपणे डिकीतून एक लहान पेटी काढली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बाजारात जाऊन कांदे आण म्हटल्यावर असतो तसा चेहरा.

"काय करणार हाय?" आईनं घाबरून विचारलं.

"ओटी टेस्ट," तो म्हणाला.

"ओटी?" आई आणखीच घाबरली. "आत्ताच? लग्नाआधी?" आणि ती लगबगीनं आत नारळ शोधायला गेली.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते बघायच्या तपासणीला ओटी टेस्ट म्हणतात, हे तिला समजावून सांगेपर्यंत तिनं ताटात नारळ, तांदूळ आणि कपाटातला खण काढून ठेवला होता. कुणाची भरायची ते तिला कळत नव्हतं, एवढंच.

तो पेटी घेऊन मागच्या विहिरीकडं गेला. इकडं पडवीत दोन्ही विहिणी समोरासमोर बसल्या. बहीण कणगीआड लपली होती, तिला आईनं ओढून बाहेर काढलं.

"तूच बोललीस ना, केमिस्ट्री नाय म्हणून?"

"आई, ती केमिस्ट्री नाय गो! ही वेगळी. म्हणजे दोघांचं... जमणं."

"जमणं म्हणजे?"

"म्हणजे एकमेकांकडं बघून आत कायतरी होणं."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे तुला माझ्या पोराकडं बघून काय होत नाय?"

होतं म्हणावं तर लाज, नाही म्हणावं तर लग्न मोडलं. बहिणीनं घाईघाईनं मोबाइल काढला. "थांबा, दाखवतेच." तिनं दोघींना कणगीला टेकवून बसवलं आणि नूडल्सच्या दुकानाचा भाग लावला.

दोघींनी मोबाइलवर डोकी जोडली.

"ह्या पोरीचे डोळे बग केवढे," आई म्हणाली. "थायरॉइड असंल."

"ती त्याला का छळते?" सासूबाईंनी विचारलं.

"आवडतो म्हणून," बहीण म्हणाली.

"आणि तो का गप बसतो? त्याला तोंड नाय?"

"त्यालापण ती आवडते."

"मग लग्न कधी करतात?"

"लग्न कुठलं, अजून एकमेकांना सांगितलंच नाय. दुसरा सीझन चालू हाय."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. "आपण एका दुपारी पोरं दाखवून, सुपारी फोडून, जेवून मोकळे झालो," सासूबाई म्हणाल्या. "जपानात माणसांना कामं नाय का?" पण डोळे मोबाइलवरून हलले नाहीत. आई म्हणाली, "पुढचा लाव."

ती संधी साधून मी विहिरीकडं गेले.

तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. पोहऱ्यानं पाणी काढून त्यानं काचेच्या नळीत भरलं होतं. मी शेजारी उभी राहिले.

"सॉरी," मी म्हटलं. "मी तसं काही बोलले नव्हते. म्हणजे केमिस्ट्रीचं बोलणं झालं, पण..."

"कळलं मला," तो म्हणाला. "मामाच्या पोरीनं समजावलं. ती पण बघते ती मालिका."

"मग आईंना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आज इकडं यायला मिळालं असतं का?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. तो नळीकडं बघत होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मी घरी सांगितलं होतं, मुलगी चांगली आहे पण जरा सुकी आहे. विनोद कळत नाही तिला."

"मला?"

"शर्टाचे फोटो पाठवले, हसला नाहीत. पाठीमागूनचा पण पाठवला. तरी नाही. कावळ्याचं विचारलं तर फोनच ठेवलात. मला वाटलं, हिला राग आला. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"तो विनोद होता?"

"मग काय! कुठल्या बाईला कुणी असं विचारेल?"

मला हसू आवरेना. विहिरीत आवाज घुमला तशी मी तोंडावर पदर धरला, म्हणजे ओढणी. आम्ही दोघं सगळा पावसाळा एकमेकांची फिरकी घेत होतो आणि दोघांनाही समोरचा ठोकळा वाटत होता.

त्यानं पेटीतल्या बाटलीतून पाण्यात काही थेंब टाकले. ग्रामपंचायतीच्या माणसानं आदल्या दिवशीच विहिरीत क्लोरीनची पावडर टाकली होती. पाणी हळूहळू पिवळं झालं.

"काय निघालं?" मी विचारलं.

त्यानं नळी उन्हात धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि त्याच बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "हळद लागली की हो. आता माघार नाही."

माझे कान तापले. त्या खेळात हरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी नळी हातातून घेतली, पाणी त्याच्या पायावर ओतलं आणि घराकडं पळाले.

पडवीत तोवर तिसरा भाग लागला होता. बाबा गोठ्यातून येऊन मागं उभं राहून बघत होते. दुपारी सगळे पाटावर बसून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या जेवले. काढलेला नारळ परत ठेवू नये म्हणून आईनं सासूबाईंचीच ओटी भरली आणि तो खण त्यांना दिला. त्या जाताना बहिणीकडून मालिकेचं नाव मोबाइलमध्ये घालून घेऊन गेल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि मग आमचं. मी भातसानगरला क्वार्टरमध्ये नवरा आणि सासूबाईंसोबत राहायला आले. आता दोन्ही विहिणींचे रोज फोन होतात, पण आमची चौकशी शेवटी असते. आधी त्या नूडल्सवालीचं होतं. सासूबाई मुलाच्या बाजूनं, आई मुलीच्या. मालिका संपली तेव्हाही त्या दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही, नुसते छत्रीखाली उभे राहिले. सासूबाईंचा दिवस वाईट गेला. "ह्या पोराच्या आईशी कुणीतरी बोलायला पायजे," त्या म्हणाल्या. आईनं फोनवर सांगितलं, "आई दाखवलीच नाय ना. तिथंच सगळं चुकलंय."

नवरा मात्र तसाच आहे. तोंड इकडचं तिकडं न करता काहीही सांगतो, आणि खरं काय, खोटं काय ते मला अजून ओळखता येत नाही. बसचा संप आहे म्हणतो, नसतो. तुझी आई येतेय म्हणतो, ती दारात उभी असते. म्हणून मी एक नियमच केला, काही सांगितलं की आधी हसायचं.

परवा सकाळी तो न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आत जाऊ नको. साप आहे."

"हो का?" मी म्हटलं. "त्याला म्हणावं साबण वरच्या फळीवर आहे." आणि टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्या बाजूनं आत शिरले.

बादलीमागं चांगली लांबलचक धामण होती. मी किंचाळले तशी शेजारच्या तिन्ही क्वार्टरमधली माणसं बाहेर आली. सासूबाई हातात लाटणं घेऊन आल्या आणि सापाला सोडून मुलालाच मारायला निघाल्या. शहापूरहून सर्पमित्र येईपर्यंत मी ओट्यावर पाय वर घेऊन बसले होते आणि नवरा समोर बसून पहिल्यांदाच अगदी काकुळतीला येऊन सांगत होता, "मी खरंच सांगत होतो गो. देवाशप्पथ खरं सांगत होतो."