आगळाचा प्याला

आमच्या लुथरन मंडळीतले जुने लोक जमले की आगळाची गोष्ट निघते आणि सगळे पोट धरून हसतात. माझं मात्र डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमची मोजकीच घरं होती, बहुतेक बदलीवर आलेली. माझे वडील एसटीत होते. ख्रिस्ती म्हटलं की लोकांना एकच चर्च ठाऊक, कॅथलिकांचं. आम्ही त्यातले नव्हे हे सांगता सांगता नाकी नऊ यायचे. मांडवीच्या वाटेवर एका घराची पडवी उपासनेसाठी भाड्याने मिळाली. चटया अंथरायच्या, टेबलावर पांढरी चादर घालायची, की झालं आमचं चर्च. घरमालकीण काकूंची अट एकच : "गाणी म्हणा, प्रार्थना करा, माझं काय जात नाय. पण घरात दारू नको हां!"

आता प्रभुभोजनाला, म्हणजे पापांच्या क्षमेसाठी प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला घेतात त्या विधीला, द्राक्षारस तर लागतोच. तो तसल्या दारूतला नव्हे, हे काकूंना सांगणार कोण? आमचे म्हातारे पाळक भारी भिडस्त. पडवी गेली तर मंडळी रस्त्यावर येईल या धास्तीने त्यांनी विषयच काढला नाही. काकूंनीच केलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा तो खारट रस, त्यांनी पाणी घालून प्याल्यात ओतलं. रंग अगदी हवा तसा. कोणी काही विचारलं नाही.

त्याच वर्षी वडील काविळीने गेले. शेवटच्या दिवशी पाळक घरी आले. वडिलांना भाकरीचा तुकडा गिळवेना, म्हणून नुसता प्याला ओठांना लावला. "खारट आहे," वडील म्हणाले आणि चक्क हसले. संध्याकाळी सगळं संपलं. आई खूप रडली, पण तिला एक मोठा धीर होता. आपला माणूस क्षमा घेऊन गेला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पुढे तरुण पाळक आले. शिकलेले, कडक. आगळाचं कळल्यावर भर उपासनेत म्हणाले, "ते प्रभुभोजन नव्हतंच. तुम्ही सरबत प्यालात." मग त्यांनी सरळ काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "देवाचं असेल तर मी कशाला नाय म्हणू?" इतकं सोपं होतं ते! पुढच्या प्रभुभोजनाला खरा द्राक्षारस आला. सगळे पुढे गेले. आई जागची उठली नाही.

घरी येऊन म्हणाली, "त्यांना मिळालं नाही, मग मी कशी घेऊ?"

मी तेव्हा कॉलेजात होते, तोंडाची फटकळ. "देव काय कोकम आणि द्राक्षं निवडत बसलाय?" म्हणून भांडले. ती म्हणाली, "तू पाळक आहेस का?" त्यानंतर उपासना तिने एकही चुकवली नाही, पण प्याल्यापाशी कधी गेली नाही. लोक आधी म्हणाले, गुडघे दुखत असतील. मग म्हणाले, फार ताठा आहे. मला त्या सगळ्यांचा राग यायचा, आणि आईचाही.

गेल्या वर्षी जुन्या लोकांचा मेळावा झाला. तेच पाळक पाहुणे म्हणून आले, आता डोकं पांढरं झालेलं. आगळाची गोष्ट निघाली, हशा पिकला. तेवढ्यात माझ्या खांद्याचा आधार घेऊन आई उभी राहिली.

"पाळकसाहेब, आमच्या मालकांना मरताना तेवढाच प्याला मिळाला होता. मग त्यांना प्रभुभोजन मिळालं की नाही?"

हसणं थांबलं. पाळक व्यासपीठावरून उतरून तिच्याजवळ आले. "मिळालं, बाई. नक्की मिळालं."

"मग तुम्ही तेव्हा सरबत म्हणालात, ते?"

त्यांनी बराच विचार केला. "मी? मी असं म्हणालो होतो?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

शेवटी प्रभुभोजन सुरू झालं तसा मी आईला हात दिला. "तू जा," ती म्हणाली. "तेव्हाचं बोललेलं त्यांना आठवत नाही. आजचं तरी उद्या आठवेल का?"

त्या दिवशी मीही उठले नाही.