साजिदाच्या भट्टीतला उरलेला ट्रे

धंदा कधी सुरू केलास असं कुणी विचारलं, की साजिदा म्हणायची, "मी कुठं केला? हिरामणभाऊच्या भुकेनं केला." आणि त्यात फारशी थाप नव्हती. हिरामण भिवंडीत तिच्या नवऱ्याच्या, मोहिउद्दीनच्या, लूमवर म्हणजे यंत्रमागावर कामाला होता. ब्याऐंशी सालच्या ईदच्या आदल्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तो पाणी मागायला मागच्या दारी आला. साजिदा तेव्हा पत्र्याच्या डब्यात, वर-खाली निखारे ठेवून, पाहुण्यांसाठी नानकटाई भाजत बसली होती. तिनं चार दिल्या, त्या गेल्या. आणखी चार दिल्या, त्याही गेल्या. मग मिशीवरचा चुरा पुसत हिरामण म्हणाला, "आपा, ह्या आमच्या कामतघरच्या आळीत न्हेल्या तं लूमवाले माझे पाय धरतील."

पाय कुणी धरले नाहीत, पण डबा मात्र रिकामा परत आला. शिफ्ट बदलताना चहाबरोबर काहीतरी लागतंच, आणि टपरीवरचे खारे पाव खाऊन लोकांची तोंडं आंबली होती. हिरामणच्या सायकलला आधी एक डबा लागला, मग दोन्ही बाजूंना दोन. वर्षा-दोन वर्षांत त्यानं लूम सोडलं आणि दिवसभर सायकलच मारू लागला. घरामागे एक शेड होती, जुनी लूम भंगारात गेल्यापासून रिकामीच. तिच्या कोपऱ्यात साजिदानं विटांची भट्टी बांधून घेतली. नवऱ्याला तिनं भट्टी तापल्यावरच सांगितलं. मोहिउद्दीन स्वभावानं गरीब. "बांधलीस ना? मग आता काय विचारतेस," एवढंच तो म्हणाला.

खरी अडचण होती धाकटा दीर हाशिम. त्याला त्या शेडमध्ये दोन नवी लूम टाकायची होती. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की लूम दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. पण भट्टी दिसली की त्याच्या पोटात दुखायचं. "भाभी, बिस्कुटावर कुणाचं खानदान चाललंय?" असं तो ऐकवायचा. शेवटी अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीआधी सासऱ्यांनी, अब्दुर्रहमान चाचांनी, दोघांना समोर बसवलं.

"साजिदा, औंदा तू दिवाळीची डबी घेतेस म्हणं लोकांची."

"जी अब्बा."

"लोकांचं तूप म्हंजे लोकांची अब्रू. एक बी बाई तक्रार घेऊन दारात आली, तर शेड हाशिमची. न्हाय आली, तर तुझी. पुन्हा मला कुणी विचारायचं न्हाय."

डबी म्हणजे काय, तर दिवाळीला बायका आपापल्या घरचा रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून भट्टीवर आणायच्या. त्याच जिनसांची नानकटाई भाजून त्यांना परत द्यायची. ज्याचं तूप त्याच्याच घरात गेलं पाहिजे, हा त्यातला कडक नियम. शहरानं मध्यंतरी दंगलीचे वाईट दिवस पाहिले होते, आणि तरी कामतघरच्या आळीनं साजिदाच्या भट्टीवर डबे पाठवले. याचा तिला इतका आनंद झाला होता की ती भट्टीशी बोलायला लागली होती.

ट्रेंची सरमिसळ होऊ नये म्हणून हिरामणनं डोकं लढवलं. प्रत्येक ट्रेच्या कडेला नावाची चिठ्ठी चिकटवायची. साधा डिंक कशाला? त्यानं सायझिंगच्या कारखान्यातून सुताला लावायची कांजी आणली. "आपा, ही कांजी लागली का कुनाच्या बापाला निघणार न्हाय," तो म्हणाला. ते मात्र खरं ठरलं. एकही चिठ्ठी निघाली नाही. चिठ्ठ्या ट्रेसकट भट्टीत गेल्या आणि जिथं होत्या तिथंच जळून कोळसा झाल्या. नावाच्या जागी फक्त काळे चौकोन उरले. वीस घरांचे ट्रे, आणि कुणाचं काय, काही कळेना. हिरामण डोक्याला हात लावून खालीच बसला. साजिदाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पीठ तिनंच मळलं होतं, त्यामुळे काही ट्रे तिनं ओळखले. बाकीच्यांचं काय? सकाळी बायका रिकामे डबे घेऊन आल्या, तेव्हा तिनं लपवाछपवी केली नाही. झालं ते सांगून टाकलं. शेडच्या दारात खुर्ची टाकून अब्दुर्रहमान चाचा बसले होते, शेजारी हाशिम, आणि त्याच्या चेहऱ्यावर लूम सुरू झाल्याचं सुख.

पण आळीतली सगळ्यात म्हातारी बायजाबाई खाली फतकल मारून बसली. "अगं, मग खाऊन बघू. आपल्या म्हशीचं तूप मला वळखाया येनार न्हाय व्हय?"

मग काय, जत्राच भरली. प्रत्येक ट्रेमधली एकेक नानकटाई मोडली गेली. "ह्यात जायफळ हाय, ही कमळची." "रवा जाडा लागतोय, तुळजाचाच, कवा चाळते ती?" बायजाबाईनं आपलं तूप नुसत्या वासावर ओळखलं आणि ट्रे मांडीवर घेऊन बसली. भांडणं कमी, चेष्टा जास्त. एकेक ट्रे मार्गी लागला आणि शेवटी एकच उरला. एकटी पार्वती रिकामा डबा घेऊन उभी होती.

पार्वती म्हणजे जॉबरची, लूम दुरुस्त करणाऱ्या मुकादमाची बायको, आळीत तोऱ्यात चालणारी. "आमच्यात साजूक तुपाबिगर काय चालत न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. बायजाबाईनं उरलेली नानकटाई तोंडात घातली आणि बिनदिक्कत म्हणाली, "हा तं डालडा हाय! कुणाचा गं?"

साजिदाला ठाऊक होतं कुणाचा. मळतानाच हाताला कळलं होतं. त्या वर्षी कापडाला मंदी होती, पार्वतीच्या नवऱ्याच्या हाताला महिनोन्‌महिने पुरेसं काम नव्हतं. पार्वतीचं तोंड उतरलं. साजिदानं सासऱ्यांकडे पाहिलं, मग हाशिमकडे, आणि आपल्या घरासाठी करून बाजूला ठेवलेला तुपाचा ट्रे पुढं केला.

"तो डालड्याचा आमच्या घरचा. पार्वतीवहिनी, तुमचा ट्रे माझ्या हातनं करपला. माफ करा. हा घ्या, साजूक तुपाचा हाय."

"ऐकलंत अब्बा?" हाशिम ताडकन उठला. "लोकांचं तूप करपवलं! आली का न्हाय तक्रार? शेड माझी!"

साजिदानं मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलल्याचा पस्तावा मात्र तिला होत नव्हता.

पार्वतीनं एकदा हाशिमकडे पाहिलं, एकदा भट्टीकडे. मग साजिदाच्या हातातला ट्रे तिनं हळूच मागं सारला आणि उरलेला ट्रे स्वतः उचलला.

"कुनाचं काय करपलेलं न्हाय," ती म्हणाली. "डालडा माझा हाय. घरात तूप नव्हतं औंदा. आता हसा."

आणि सगळ्या हसल्याच, पण वेगळ्याच कारणानं. आधी कमळ म्हणाली, "माझ्यात बी अर्धा हाय गं." मग तुळजा. मग आणखी दोघी-तिघी. बायजाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे सगळ्या आळीत म्हस मी एकटीनंच पाळली का?" हिरामण तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

अब्दुर्रहमान चाचांनी हात पुढं केला. पार्वतीनं आपल्या ट्रेमधली एक त्यांना दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली आणि दाढी झटकली. "हाशिम," ते म्हणाले, "लूमला दुसरी जागा बघ."

पुढचं सगळं भराभर झालं. चिठ्ठ्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. प्रत्येक घरानं आपली खूण दिली. कुणी बांगडी, कुणी बटण, कुणी किल्ली. ती पिठावर दाबायची की झालं. सायकल जाऊन टेम्पो आला. नव्वदीत दापोड्याच्या गोदामांवर डबे जाऊ लागले, गणेशपुरीच्या दुकानांत बरण्या लागल्या. हिरामण टेम्पोत ड्रायव्हरशेजारी सावकारासारखा बसू लागला. टेम्पो घ्यायला निम्मे पैसे हाशिमनंच घातले होते, आणि मागे भाभीचं नावही त्यानंच रंगवून घेतलं. ते मोठं काढलं का म्हणून विचारलं, तर तो पेंटरवर ढकलायचा.

पार्वतीची खूण होती तिचा अंगठा. कापडाचा बाजार सावरला त्या दिवाळीला ती दोन डबे घेऊन आली. झाकण उघडताच घमघमाट सुटला, दोन्हींत साजूक तूप.

"दोन कशाला वहिनी?" साजिदानं विचारलं.

"एक माझा," पार्वती म्हणाली. "दुसरा तुमच्या घरचा. त्या दिवशी तू मला द्याया निघालीवतीस, तो."

त्या ट्रेवर कसली खूण करायची, ते साजिदाला सुचेना. मग पार्वतीनंच तिचा हात धरला आणि पिठावर आपल्या अंगठ्याशेजारी तिचा अंगठा दाबला.