समुद्र बिघडला म्हणे

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे दोरकाका म्हणतात. समुद्रातल्या तरंगत्या बोयाखाली दोर सोडायचा आणि त्याला ठरावीक खोलीवर तापमापक बांधायचे, हे काम ते एकतीस वर्षं करतायत. हातांना घट्टे इतके, की हजेरीचं यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. रोज सकाळी ते तीन-चारदा अंगठा घासतात आणि यंत्राचा उद्धार करतात.

गेल्या चक्रीवादळात बाकीचे बोये वाहून गेले. दोरकाकांचा एकटा टिकला. स्वारी खूश! दुसऱ्या दिवशी कळलं, संगणकाने वादळातल्या सगळ्या नोंदी सदोष ठरवून बाद केल्यात. नियम असा, की पाण्याचं तापमान एका दिवसात तीन अंशांहून जास्त बदललं, तर उपकरण बिघडलंय. हा नियम शांत दिवसांचे आकडे बघून मीच लिहिला होता.

बाद नोंदींच्या यादीत देखभाल करणाऱ्याचं नाव छापून येतं. एकतीस वर्षांत काकांचं कधी आलं नव्हतं. निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना आलं.

ते तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, वरचा तापमापक चार अंश उतरला, त्याच तासांत खालचा साडेतीन अंश चढला. दोघं ठरवून बिघडले का?"

"नियम एकेक उपकरण सुटं बघतो, दोरकाका."

"अहो, बादलीत वर गरम पाणी, खाली गार. हात घालून ढवळलं की वरचं निवतं, खालचं कोमट होतं. वादळानं समुद्र ढवळला. तेच मोजायला बसलोय ना आपण?"

"पटतंय हो. पण नियम बदलणार समिती, ती बसणार तीन महिन्यांनी. तोवर तापमापक काढून आणा, तपासू."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे."

"मग नाव माझं कसं रे छापलंस, बाबा?"

काका होडीने जाऊन, भिजून, दोर ओढून तापमापक घेऊन आले. आठवड्याने तपासणीचा कागद आला : उपकरणे निर्दोष. नोंदी सदोष. यादी कायम.

काकांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तापमापक बरे, मी बरा. बिघडला कोण, समुद्र?"

काकांनी कागद खिशात कोंबला, जमिनीवर बसले आणि तापमापक पुन्हा दोराला बांधू लागले.

"पुढच्या वादळाआधी बसेल का रे तुमची समिती?"

काकांनी गाठ अशी आवळली, की दोर करकरला.