शनिवारच्या दुपारी संघ बदलणारी मावशी

सुमनमावशी गेल्याची बातमी निखिलने शनिवारी दुपारी फोनवर दिली. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग, "शेजारच्या काकूंनी कळवलं. मी निघालोय पुण्याहून." मी जालन्यात वर्तमानपत्राच्या कार्यालयात रविवारच्या पुरवणीचं पान बघत होतो. ते सहकाऱ्याकडे देऊन आधी घरी गेलो, आईला घेतलं आणि हसनाबाद गाठलं. मावशी ही आईची धाकटी बहीण. अंगणात सतरंजी टाकलेली होती, माणसं हळू आवाजात बोलत होती. जेवण करून खाटेवर आडवी झाली ती उठलीच नाही, असं काकूंनी सांगितलं. चेहरा नेहमीसारखा होता, दुपारच्या झोपेतला.

मावशीने नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. काका गेल्यानंतर ती हसनाबादच्या घरात एकटी राहत होती, आणि तसं राहणं तिनेच ठरवलेलं होतं. निखिल तिचा एकुलता मुलगा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत. मायलेकांत भांडण कधीच नव्हतं, पण बोलायला विषयही उरला नव्हता. जेवलीस का, जेवले. तब्येत, बरी आहे. मग दोन्हीकडे शांतता, आणि "ठेवतो." अशा दिवसांत एका सुट्टीत निखिलने तिला नवा फोन आणून दिला आणि फोनची सवय व्हावी म्हणून आम्हा मावस-चुलत भावंडांच्या फुटबॉलच्या खेळात तिचा एक संघ काढून दिला. खेळ साधा आहे. इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू ठरलेल्या बजेटमध्ये निवडायचे. ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात. दर आठवड्याला एक खेळाडू बदलता येतो, त्याहून जास्त बदलले तर गुण कापले जातात. मुदत बहुतेक वेळा शनिवारी दुपारी संपते. संघ निखिलनेच निवडला, नाव मावशीने ठेवलं, 'इयत्ता चौथी'. निघताना तो तिला बजावून गेला, "आई, यातलं काही हलवू नको."

दुसऱ्याच आठवड्यात तिने हलवलं. आम्हा सगळ्यांनी दुप्पट गुणांसाठी कॅप्टन नेमलेला स्ट्रायकर तिने काढून टाकला. निखिलचा फोन लगेच आला.

"आई, तू त्याला काढलंस?"

"काढला."

"अगं पण का? सगळ्यात जास्त गोल त्याचे आहेत."

"फोटोत बघ की जरा. दमून राह्यलाय तो. आसं तोंड आसलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत येत न्हाई."

त्या आठवड्यात त्या स्ट्रायकरने दोन गोल केले आणि 'इयत्ता चौथी' तळाला गेली. पण निखिल फोनवर बराच वेळ बोलला होता. आधी स्ट्रायकर कोण, कुठून आला, कुणाचा गुडघा दुखावलाय, हे समजावलं. मग बोलता बोलता ऑफिसच्या कँटीनवर आला, घरमालकावर आला, आणि शेवटी दाढ दुखतेय, काढावी लागेल, असंही बोलून गेला. मावशीने हे मला सांगितलं तेव्हा गोलांचा उल्लेखही केला नाही. "दाढ दुखून राह्यली त्याची. मला कधी सांगितलं न्हाई त्यानं."

त्यानंतर शनिवार हा तिच्या आठवड्यातला मोठा दिवस झाला. कुणालाही सुचणार नाहीत असे बदल ती करायची. गोल करून आलेल्याला काढायची, महिनाभर बाकावर बसलेल्याला घ्यायची. बहुतेकदा फसायची. एकदा मात्र तळाच्या क्लबातला एक डावखुरा बचावपटू तिने घेतला आणि त्याने गोल मारला. सगळ्या भावंडांनी तिला फोन केले. निखिल म्हणाला, "आई, आता तूच जा तिकडं मॅनेजर म्हणून." त्यावर ती म्हणाली, "जाते की. पण येवढ्या गवताला पाणी कोण देतं, ते सांग आधी."

तिने पूर्ण सामना कधीच पाहिला नाही. तो देश तिने खेळाडूंच्या फोटोंवरून, पावसाच्या नि दुखापतींच्या बातम्यांवरून मनात बांधला होता. मी अधूनमधून शनिवारी तिच्याकडे जायचो. बाहेरच्या खोलीत दार लोटलेलं असायचं, फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडलेली, पंखा सावकाश फिरत असायचा, आणि मांडीवरच्या फोनमध्ये ते हिरवं मैदान... रस्त्यावरून एखादा ट्रॅक्टर जायचा, मग पुन्हा सगळं निवांत. बोलता बोलता ती त्या मैदानावरच जाऊन आल्यासारखी वाटायची.

"तिथं आता सकाळ आसंल न्हाई का? दव पडलं आसंल."

"असेल, मावशी."

"ज्याला आपण काढतो, त्याला कळतं का रे राजा?"

"त्याला कसं कळणार? हा आपला खेळ आहे."

"मंग बरंय..." असं म्हणून ती काढलेल्याच्या फोटोकडे आणखी थोडा वेळ बघत राहायची.

अशाच एका दुपारी ती एका चांगल्या मिडफिल्डरला काढत होती. राहवलं नाही म्हणून मी म्हणालो, त्याला ठेव, समोरचा संघ कमजोर आहे, गुण नक्की मिळतील. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ठेवला तर बराबर हाय, मला बी कळतं. पण बराबर केलं की निखिल नुसता अंगठा पाठवतो." पाणी किती वाजता येतं ते सांगावं, तशा आवाजात ती हे बोलली, आणि बटण दाबलं. चहा ठेवायला ती उठली तेवढ्यात फोन वाजला. तिने तो घाईने घेतला नाही. पदराला हात पुसले, मग घेतला.

शेवटच्या शनिवारी सकाळी तिने एकदम पाच खेळाडू बदलले होते. चार जास्तीच्या बदलांचे गुण कापले जाणार होते. असं आमच्यात कुणी कधीच केलेलं नव्हतं. निखिलने ते पाहिलं तेव्हा तो मित्राच्या घरी होता. "मोकळा झालो की निवांत बोलू म्हणलं," दुसऱ्या दिवशी अंगणात तो मला सांगत होता. "पाच कशाला काढले असतील, दादा?" आम्ही दोघांनी त्याच्या फोनवर तो संघ पुन्हा पाहिला. नव्या पाच जणांपैकी दोघे खेळलेच नव्हते. बाकीच्यांनी बेताचे गुण मिळवले होते. निखिल एकेकाचा फोटो मोठा करून बघत राहिला...

मावशीच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि निखिल पुण्याला परतला. 'इयत्ता चौथी' अजून यादीत आहे. खेळ चालवणाऱ्यांना काही कळलेलं नाही, त्यामुळे तिचे अकरा जण दर आठवड्याला मैदानात उतरतात. त्यातला एक जखमी आहे, त्याच्या नावापुढे लाल खूण आहे, पण त्याला कुणी बदलत नाही. एका चुलत भावाने संघ काढून टाकण्याचं सुचवलं. निखिलने "राहू दे" एवढं लिहिलं. निखिल स्वतः जपून खेळणारा. भरवशाचे खेळाडू घ्यायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, ही त्याची पद्धत.

मागच्या शनिवारी दुपारी मी घरी होतो. फोन उघडला तर निखिलने त्याचा कॅप्टन काढला होता. तो खेळाडू फॉर्मात होता, गेल्याच सामन्यात त्याने गोल केला होता. दुखापतीच्या बातम्या पाहिल्या. त्यांत त्याचं नाव नव्हतं. मी निखिलला फोन लावला. पहिल्या रिंगला त्याने उचलला.

"अरे, त्याला कशाला काढलंस?"

"असंच..." तो म्हणाला. ठेवतो असं मात्र म्हणाला नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, काय चाललंय? वांगी चिरतोय, म्हणाला. पहिल्यांदाच करतोय. मग सांगत गेला. शनिवारी ऑफिस नसतं, घरात बसवत नाही. हसनाबादच्या घराचं काय करायचं ते ठरत नाही. मी ऐकत होतो. मधेच त्याने विचारलं.

"दादा, आई शेंगदाण्याचा कूट आधी टाकायची का वांगं शिजल्यावर?"

मला माहीत नव्हतं. माझी आई आतल्या खोलीत दुपारची पडली होती.

"थांब, ठेवू नको," मी म्हणालो, आणि तिला हाक मारली.