उद्यारावांचा विश्रांतीचा दिवस

माझ्या नणंदेचे यजमान तरुण असताना पायी यात्रा करायला म्हणून आमच्या गावात आले. गाडीतून उतरले, माझ्या सासऱ्यांच्या लॉजमध्ये खोली घेतली आणि म्हणाले, "उद्या एक दिवस विश्रांती घेतो, परवा निघतो." तो परवा अजून उजाडायचा आहे. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले, पोट आलं आणि सासऱ्यांच्या मागे लॉजही त्यांच्याच हाती आलं. माझे यजमान आपल्या या मेव्हण्याला पाठीमागे उद्याराव म्हणत. मी समोरही म्हटलं असतं, पण नणंद माझ्या जीवाभावाची आहे. तिच्याकडे बघून गप्प बसले.

यात्रेची वाट आमच्या गावातून सुरू होते. डोंगर ओलांडून पार पलीकडे जाते. लांबलांबचे लोक संध्याकाळच्या गाडीने इथे येतात, एक दिवस थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पाठीला पिशवी लावून चालू लागतात. आमचं गाव त्या एका दिवसावर जगतं. प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न पडलेला असतो, आजचा दिवस काढायचा कुठे? कोणी नदीवर जाऊन बसतं. कोणी बागेत आडवं होतं. बरेचजण दुकानं पालथी घालतात आणि पहिल्या चढावर फेकून द्यायच्या वस्तू आजच विकत घेऊन ठेवतात. गावातल्या प्रत्येकाकडे यावर सल्ला आहे, न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत. आणि गावातला एकही माणूस ती वाट चाललेला नाही. आम्ही सगळे निरोप देण्यात पटाईत.

त्यात उद्याराव म्हणजे शिरोमणी. ओसरीवर वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसायचं आणि आल्यागेल्याला पाय या विषयावर ऐकवायचं, हा त्यांचा धंदा. एखादी कॉलेजातली मुलगी विचारायची, "काका, तुम्ही किती वेळा गेलात?" यावर ते डोंगराकडे बघून मंद हसायचे. बस्स. खोटं बोलायला निदान तोंड तरी उघडावं लागतं, यांना तेवढेही कष्ट नकोत. मुलगी आपली भारावून जायची. मी जिन्यावरून चादरी घेऊन उतरत असायचे. माझ्या कपाळाला ज्या आठ्या आहेत, त्यातल्या निम्म्या त्या जिन्यावर पडल्या आहेत.

त्यांच्या नावावर एक शोध जमा आहे: टब. मागच्या अंगणात प्लॅस्टिकचे निळे टब ओळीने मांडलेले. जेवण झालं की पाहुण्यांनी खुर्च्या टाकून पाय त्यात सोडायचे, कढत पाण्यात मूठभर मीठ, आणि थेट चहाच्या वेळेपर्यंत हलायचं नाही. "विश्रांतीचा दिवस पायांनी घ्यायचा असतो, डोक्यानं नाही," असं ते सांगत. पाणी निवलं की आत हाक जाई, "अगं, किटली!" आणि माझी नणंद स्वयंपाकघरातून किटली घेऊन येई. एक टब, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. शोध त्यांचा, किटली वन्संची. स्वतः त्या एकदाही टबात पाय घालून बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. बसणार कधी?

या टबांचं पुढे काय होतं, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. इथून गेलेला माणूस परत इकडे येत नाही. तो पलीकडे पोचतो आणि तिकडूनच गाडी पकडून घरी जातो. ज्या गावात गिऱ्हाईक परत येऊन जाब विचारत नाही, त्या गावात कोणीही पंडित होऊ शकतो. आमच्याकडे असे पंडित गल्लोगल्ली आहेत.

आता वन्संबद्दल लिहायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. त्यांच्या मुलीचं बाळंतपण फार अडलं होतं. इस्पितळाच्या त्या लांबलचक बोळात, जिथे भिंतीला टेकायलाही जागा नव्हती, वन्सं माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, दोघं सुखरूप बाहेर आली तर मी ही यात्रा पायी करीन." दोघं सुखरूप बाहेर आली. नात आता शाळेत जाते आणि सुट्टीत आली की विचारते, "आजी, तू चालणार होतीस ना? कधी?" मुलं फार वाईट असतात, विसरत नाहीत.

दरवर्षी वन्संनी निघायचं ठरवलं आणि दरवर्षी उद्याराव म्हणाले, "एकटी कशाला? दोघं जाऊ." ऐकायला किती गोड! मग निघण्याआधी विश्रांतीचा दिवस आलाच. एका वर्षी त्यांनी तो नदीकाठच्या मित्राच्या घरी काढला, तर ओलीनं कंबर धरली. एका वर्षी बागेतल्या बाकावर काढला, तर उन्हानं डोकं चढलं. एकदा मुलीकडे जाऊन काढला, तर तिथली गादी मऊ निघाली. विश्रांती मनासारखी झाली नाही म्हणून यात्रा पुढच्या वर्षावर. कष्टानं दमलेली माणसं मी खूप पाहिली. विश्रांतीनं इतका दमलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

यंदा हाडांच्या डॉक्टरांनी वन्संचे गुडघे दाबून बघितले आणि स्पष्ट सांगितलं, "हे वर्ष चालतील. पुढच्या वर्षाचं मला विचारू नका." मी सोबत होते. घरी येताना वन्सं आमच्या फाटकापाशी थांबून वाटेच्या कमानीकडे बघत राहिल्या. ती कमान आमच्या घरातून दिसते. भाजी आणायला त्या तिच्याखालूनच जातात आणि डावीकडे वळतात.

तरीही हो-ना करता करता हंगाम संपत आला. वरच्या खिंडीत बर्फ पडायला लागलं की मधले मुक्काम बंद होतात. शेवटी गुरुवारी निघायचं नक्की झालं. त्यानंतर दिरंगाईला जागाच नव्हती. बुधवार विश्रांतीचा. उद्यारावांनी जाहीर केलं, "यंदा विश्रांती घरीच. आपल्या टबात." दोघांसाठी त्यांनी जाडजूड बूट आणले होते, ते खोक्यातच होते. वन्संची पिशवी मात्र आठवडाभर भरून दाराशी उभी होती.

बुधवारी सकाळी उठून उद्याराव टबात पाय घालून बसले ते बसलेच. वन्संच्या वाट्याला विश्रांती अशी आली: चार खोल्यांच्या चादरी बदलल्या, धुतल्या, पिळल्या, माझ्याबरोबर दोरीवर टाकल्या आणि मधूनमधून किटली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी मला चादरीचे कोपरे काटकोनात दुमडायला शिकवलं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर किटली न ओतता कशी धरावी, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ते वन्सं आपल्या आपण शिकल्या.

जेवणाची वेळ व्हायची होती. फाटकाशी दुधाची गाडी थांबली आणि तिच्यातून एक धिप्पाड बाई उतरली. दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडे राहून गेलेली. मोटार शिकवण्याचा क्लास होता तिचा, त्यामुळे आवाज असा की समोरून ट्रक असेल तर थांबावा. दोन्ही पायांना पट्ट्या, हातात बूट. लंगडत लंगडत ती सरळ मागच्या अंगणात आली.

"काका, जरा पाय वर काढा. मला बघायचेत."

"या, या," उद्याराव म्हणाले. "अशा परत कशा आलात?"

"दुधाच्या गाडीतून! चालत येण्यासारखे पाय ठेवलेत का तुम्ही?" ती पायरीवर बसली आणि एका पायाची पट्टी सोडली. तळव्याची कातडी जागोजाग फुगून फुटली होती. मी तोंड फिरवलं. "पहिल्या मुक्कामावर नर्स बसते. तिनं पाय बघितले आणि म्हणाली, टबवाल्यांकडे उतरला होतात ना? मी अजून तोंड उघडलं नव्हतं! तुमच्या पाहुण्यांसाठी तिथे वेगळं बाकडं आहे, काका. मी बसले त्यावर. चांगलं गुळगुळीत झालंय."

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते," उद्याराव म्हणाले.

"प्रकृती? अख्खी दुपार भिजवलेली कातडी दुसऱ्या दिवशी बुटात कोंबली की सोलणारच. तुम्ही इतक्यांदा जाऊन आलात, तुमची कातडी काय टायरची आहे?"

वन्सं किटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, वाट कशी आहे हो?"

"वाट? वाटेला काय धाड भरलीय? पहिला टप्पा सगळा सपाट. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये दोन ठिकाणी चहा. माझी म्हातारी आईसुद्धा जाईल. हे असले पाय नसते तर मी आत्ता डोंगरावर असते."

वन्संनी किटली खाली ठेवली. "अहो, तुम्ही तर म्हणायचात, पहिलाच टप्पा जीवघेणा. पाय तयार नसतील तर माणूस बसतो म्हणून."

"अगं, पूर्वी तसा होता. सुधारला असेल आता."

"पूर्वी म्हणजे कधी? तुम्ही कधी बघितलात?"

उद्याराव डोंगराकडे बघून हसायला गेले, पण मध्ये चादरी होत्या. डोंगर दिसेना.

क्लासवाली बाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे? काका गेलेच नाहीत कधी?"

"गेलेत की," मी म्हटलं. "कोपऱ्यापर्यंत. पेपर आणायला."

ती जी हसायला लागली! पायाची आग विसरून मांडीवर थापा मारत हसली. उद्याराव लाल झाले. पण माणूस पक्का. तळवे पाण्यातून काढून निरखून बघितले, पांढरेफटक आणि सुरकुतलेले, आणि गंभीरपणे म्हणाले, "यांच्या बोलण्यात तथ्य असेल तर उद्या निघणं धोक्याचं आहे. माझे पाय सकाळपासून भिजलेत. कातडी वाळायला दोन-तीन दिवस द्यायलाच हवेत. रविवारी बघू."

रविवारपर्यंत खिंड बंद होणार, हे अंगणातल्या टबांनासुद्धा ठाऊक होतं.

वन्सं खाली आपल्या पायांकडे बघून म्हणाल्या, "तुमचे भिजलेत. माझे कोरडे आहेत."

आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या पलंगावर बसून बाजारात जायचे जुने बूट घालत होत्या. त्यांचे तळ दोनदा बदललेले, करंगळीपाशी पायाच्या आकाराचा फुगवटा. नवे बूट खोक्यातच राहिले.

"वन्सं, आत्ता? ऊन चढलंय."

"झाडं आहेत म्हणाल्या ना त्या." त्यांनी पिशवी उचलली. "चादरी वाळल्या की आत घ्या, वहिनी. तीन नंबरच्या खोलीचा नळ गळतो, त्याखाली बादली आहे."

उद्याराव ओल्या पायांनी दारापर्यंत आले होते, फरशीवर मोठाले ठसे उमटवत. "अगं, वेड लागलंय का? तुझी विश्रांती कुठे झालीय? आज विश्रांतीचा दिवस!"

"तो तुमचा, अहो," वन्सं म्हणाल्या. "घ्या नीट."

कमानीखाली त्या नेहमीप्रमाणे भाजीच्या बाजूला, डावीकडे वळतील की काय, असं मला उगाचच वाटलं. त्या सरळ गेल्या. क्लासवाली बाई फाटकाला लटकून ओरडली, "सावकाश हो ताई! चढावर पहिला गियर!" सकाळी निघणारे यात्रेकरू केव्हाच गेले होते. वाटेवर त्या एकट्याच होत्या. हातवारे करत चालल्या होत्या, बहुतेक स्वतःशीच भांडत. चांगल्या भांडत असाव्यात, कारण वेग बरा होता.

मागे अंगणातून हाक आली, "किटली!" सवयीनं आली असणार. क्लासवालीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "स्वयंपाकघर तिकडे आहे, भाऊजी. तो टप्पाही सपाट आहे."

संध्याकाळी वन्संचा फोन आला. उद्यारावांनी माझ्या हातातून घेतला. "पाय कसे आहेत?" पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "आहेत," वन्सं म्हणाल्या. "बरं, ऐक, गरम पाणी मागून घे आणि—" "ठेवते. इथे गप्पा रंगल्यात. आणि ते बाकडं मी बघितलं. खरंच गुळगुळीत आहे."

वन्सं पलीकडे पोचल्या. वेळ लागला, दोन ठिकाणी पाऊस लागला, एक नख काळं झालं, पण पोचल्या. नात आईबरोबर स्टेशनवर आणायला गेली होती. मी इतकंच लिहिते, बाकीचं त्यांनी सांगायचं आहे आणि त्या रोज नवं काहीतरी सांगतात.

उद्याराव सुधारले, असं कोणाला वाटत असेल तर तो भाबडेपणा आहे. खुर्ची तीच, ओसरी तीच. टब मी काढून घेतले. चादरी भिजवायला ते उत्तम आहेत, चादरींना फोड येत नाहीत. आता ते पाहुण्यांना छातीठोकपणे सांगतात, "विश्रांतीच्या दिवशी पाय कोरडे ठेवायचे. आमच्या घरात हीच पद्धत." परवा एका तरुणानं विचारलं, "काका, तुम्ही किती वेळा गेलात?" ते डोंगराकडे वळले. तेवढ्यात वन्सं चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि उत्तर ऐकायला तिथेच उभ्या राहिल्या.

"आमच्या घरातून एकदा," उद्याराव म्हणाले आणि उठून त्यांनी वन्संच्या हातातला ट्रे घेतला. अर्धा चहा बशीत सांडला. सवय नाही.