शेवटच्या ओळीखालची रेघ

लाल पेन्सिल तासली की त्या भुग्याच्या वासाने मला माळनाक्याजवळची एक खोली आठवते, जिथे मी आणि माझी एक सहकारीण एका परदेशी विद्यापीठासाठी इंग्रजी वैद्यकीय अहवालांतले नकार, म्हणजे 'अमुक आजार नाही' असं सांगणारे शब्द, शोधायचो. नकाराच्या शब्दाभोवती गोल करायचा आणि तो नकार जिथवर लागू होतो तिथवर लाल रेघ ओढायची. एरवी संगणकावरचं हे काम वीज गेली की छापील कागदांवर चाले. सहकारिणीच्या रोज डबा घेऊन येणाऱ्या आईला रेघेचा अर्थ पाठ झाला होता: रेघ म्हणजे 'नाही'. एका दुपारी ती डब्याऐवजी फॅक्स घेऊन आली. तिचा मोठा मुलगा कुवेतच्या इस्पितळात होता; तिथूनच त्याचा अहवाल आला होता. सहकारीण पहिल्या ओळीलाच रडू लागली, म्हणून कागद मी घेतला आणि सवयीने खुणा करत गेलो. आई प्रत्येक रेघेवर बोट ठेवी. "म्हणजे हा आजार नाय. हाही नाय. बघ गो, उगाच रडत होतीस." शेवटच्या ओळीशी माझी पेन्सिल थांबली. त्या ओळीत आजाराचं नाव होतं, नकार नव्हता. "हिला मार की रेघ," ती म्हणाली. मी पेन्सिल कागदावरून उचलली. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि टोक मोडेपर्यंत दाबून त्या ओळीखाली स्वतःच रेघ ओढली. मी तिला थांबवलं नाही. आज कुणाचाही अहवाल हातात आला, की मी आधी शेवटची ओळ वाचतो.