मेमोचं उत्तर

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो. घरातला पहिला पदवीधर, म्हणून कामगार मेमोची इंग्रजी उत्तरं माझ्याकडून लिहून घेत. जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी कोणीतरी कागद घेऊन उभं असे, चार शब्द बोले. कॉट बेसिसवर, परक्यांच्या खोलीत नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्याला तेवढंही पुष्कळ वाटतं.

उत्तराची रीत ठरलेली होती. चूक असो वा नसो, माफी मागायची. साहेब ते फायलीला लावत आणि विषय संपे.

लेथवरचे एक मालवणी काका मला मास्तर म्हणत. गावाहून येताना जत्रेतलं गुळाचं खाजं आणत. आधीच्या पाळीत दुसऱ्याच्या हातून मोडलेल्या हत्याराबद्दल त्यांना मेमो आला. मला राग आला. माफीऐवजी मी लिहिलं, माझ्यावर 'अनजस्टली' ठपका ठेवला आहे. काकांनी विश्वासाने सही केली.

तो शब्द तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता. अर्थ : अन्यायाने. 'त्याला अन्यायाने शिक्षा झाली' असं वाक्य करून मी शाबासकी मिळवली होती. त्या वाक्यात शिक्षा कोणी केली ते सांगावं लागलं नव्हतं. इथे मेमो देणारा आणि उत्तर वाचणारा साहेब एकच होता.

त्याने काकांना बोलावून विचारलं, अन्याय कोणी केला, मी? काकांना कागदात काय आहे तेच ठाऊक नव्हतं. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं. नोकरी जाणार असंच सगळे म्हणू लागले.

मी साहेबाकडे गेलो. शब्द माझा आहे, म्हणालो.

"सही त्याची आहे," साहेब म्हणाला.

घाटकोपरला काकांच्या खोलीवर जाऊन मी माफीचं पत्र लिहिलं. या वेळी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. त्यांनी सही केली, पेन परत दिलं.

"मास्तर, पयलां लिवलात तां खरां होतां."

आठ दिवसांनी ते कामावर आले. माझ्या टेबलाशी मात्र कोणी फिरकेना. काकांनीही पुढचा मेमो स्टोअरच्या कारकुनाकडून लिहून घेतला.

जत्रेनंतर खाजं आलं, नेहमीसारखं कागदात बांधून. जेवणाच्या सुट्टीत ते मी टेबलाशी एकट्याने खाल्लं.